उभ्या गाडीतली धडधड

१२ जानेवारी

आज पुन्हा बस चालवली. छातीत यंत्र बसवल्यापासून दीड महिना घरात बसून मी इतकी विटले होते की शेजारच्या मांजराशीही वाद घालायला लागले होते. डेपोत पाऊल टाकलं तर सगळे माझ्याकडे असे बघत होते जणू मी वरून परत आले आहे. गाडी आमची तीच, सगळ्यात जुनी. तिला म्हातारी म्हणतात. इंजिन सुरू केलं की आरशापासून पायरीपर्यंत सगळं थरथरतं, पण आजवर वाटेत बंद पडलेली नाही. माझी कंडक्टर शिट्टी दारातच उभी होती. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारते की रिक्षावालेही बाजूला होतात, म्हणून हे नाव. म्हणाली, "ये ताई. आता तू आणि म्हातारी, दोघी मशीनवर."

पहिल्याच सिग्नलला, गाडी उभी असताना, छातीत धडधड सुरू झाली. जिना धावत चढल्यावर होते तशी. पुढेही कमीजास्त होत राहिली. शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद केलं, शिट्टीनं चहा आणला, आणि चहा संपेपर्यंत सगळं शांत. पहिल्या दिवसाची हुरहुर असणार. घरी आले तर हे फाटकाशी उभे. शाळेतून आल्यावर कपडेही बदलले नव्हते.

१६ जानेवारी

हुरहुर नाही. रोज होते आहे. आज चौकात गाड्या खोळंबल्या होत्या, म्हातारी जागच्या जागी थरथरत उभी, आणि माझ्या छातीत ठोके असे की कानात ऐकू येत होते. शिट्टी म्हणाली, "ताई, तुझा चेहरा लाल झालाय, खाली उतरतेस का?" उतरले. रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभी राहिले, गेली धडधड.

ह्यांना सांगितलं. माझ्या पाठीशी पन्नास माणसं बसलेली असतात, हे अंगावर काढायचं दुखणं नाही. हे म्हणाले, "उद्याच डॉक्टरांची वेळ घेतो." माझ्यापेक्षा ह्यांनाच घाई.

२१ जानेवारी

हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. यंत्र यांनीच बसवलं. नोव्हेंबरात मी स्वयंपाकघरात कोसळले, हृदय फारच हळू चालत होतं, आणि हे घरात होते म्हणून वाचले. तेव्हा या डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण माणूस असा की काहीही सांगा, ते "हो हो" म्हणतात आणि लिहीत राहतात. शिट्टीनं त्यांचं नाव होहो डॉक्टर ठेवलं आहे.

मी म्हटलं, "डॉक्टर, गाडीत बसलं की धडधड होते. घरात होत नाही. गाडी उभी असली तर जास्तच."

"हो हो," म्हणाले आणि ह्यांच्याकडे बघून विचारलं, "झोप कशी आहे यांची?"

हे म्हणाले, "तशी ती आधीपासून मनाला लावून घेणारी आहे."

मी? ज्या बाईनं ब्रेक गेलेली गाडी घाटातून खाली आणली, ती? पण मी बोलले नाही. ह्यांचा बोलण्याचा पेशा, मला डॉक्टरांपुढे शब्द सुचत नाहीत, तेव्हा ह्यांनी एकट्यानंच बोललेलं बरं असा माझा हिशेब.

मला पलंगावर निजवून ठोक्यांची कागदी पट्टी काढली. निजल्यावर काय होणार? एकदम नीट. कोपऱ्यात कापडाखाली ते दुसरं मशीन होतं, छातीवर ठेवून आतलं यंत्र तपासायचं. बसवल्यानंतर एकदाच लावलं होतं, तेही कंपनीच्या माणसानं घाईघाईत. मी विचारलं, "ते लावून बघायचं का?" तर म्हणाले, "नवं कोरं यंत्र आहे हो, त्याला काय होणार? तुमच्या मनात भीती बसली आहे." मग मला बाहेर बसायला सांगून ह्यांच्याशी थोडं बोलले. गोळी दिली आहे आणि रजा.

३१ जानेवारी

गोळीनं बरं वाटतं. झोप छान येते. दुपारीही येते. संध्याकाळी ह्यांनी उठवलं. जेवण गरम केलं. बरं वाटतं.

८ फेब्रुवारी

विशेष काही नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. हे हसले. शिट्टीचा फोन होता. काय बोललो ते आठवत नाही. खिडकीतून आमची बस जाताना दिसली वाटतं. का दुसरी होती. गोळी छान आहे.

१७ फेब्रुवारी

होहोंकडे दाखवलं. "आता धडधड?" म्हणाले. मी म्हटलं, नाही. त्यांनी ह्यांच्याकडे पाहून मान हलवली. "बघा, गोळीनं काम केलं." म्हणजे भीतीच होती. मलाही आता तसंच वाटायला लागलं आहे. इतकी वर्षं गाडी चालवली, आणि आता तिचीच भीती. वाईट वाटतं, पण फार नाही. फारसं काहीच वाटत नाही.

होहोंनी लिहून दिलं आहे की मी चालक म्हणून काम करू नये. डेपोसाहेब म्हणाले, मार्च संपेपर्यंत दुसऱ्या डॉक्टरचं उलट मत आलं नाही तर मला कायमचं चौकशीच्या खिडकीत बसवतील. एकदा खिडकीत बसलं की पुन्हा गाडी नाही. हे म्हणाले, "खिडकी काही वाईट नाही. सावली आहे, पंखा आहे." घर घरासारखं वाटतं, असंही म्हणाले. रात्री जेवताना दोन वेळा वाढून घेतलं. इतक्या दिवसांत ह्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

हे सगळं सावकाश लिहायचं आहे, कारण डोकं अजून जड आहे.

आज थोरल्या बहिणीकडे निघाले होते. थांब्यावर नेमकी म्हातारी आली. चालवायला बदलीचा माणूस, पण दारात शिट्टी. तिनं मला इंजिनाशेजारच्या एकट्या बाकावर बसवलं. शेंगदाणे दिले. कुठल्यातरी प्रवाशाची नक्कल करून दाखवत होती, मी पोट धरून हसत होते. आणि हसता हसता धडधड सुरू झाली. तीच. सकाळची गोळी पोटात होती.

मी म्हटलं, "शिट्टे, माझी नाडी बघ." तिनं मनगट धरलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मी उठून मधल्या बाकावर गेले, थोडी कमी झाली. पुढच्या थांब्यावर खाली उतरले, थांबली. शिट्टीनं सगळी बस थांबवून ठेवली होती, लोक ओरडत होते. तिनं त्यांना ऐकवलं, "ओरडा खुशाल, ताईची परीक्षा चाललीय." पुन्हा चढले, पुन्हा त्या बाकावर बसले. पुन्हा धडधड.

भीती बसली आहे म्हणे. गाडी दुसराच चालवत होता, तर भीती त्याच्या छातीत बसायला हवी होती. आणि घरी धडधड होत नव्हती ती गोळीमुळे कशी? मी घरी गाडीत थोडीच बसते? इतकी साधी गोष्ट, आणि महिनाभर मी मान डोलावत बसले. स्वतःचाच राग येतो आहे. किती दिवसांनी कशाचा तरी राग आला.

बहिणीकडे गेलेच नाही.

२६ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, उडी मारतील. हे म्हणाले, "आता पुन्हा तेच का उकरायचं? मिळतंय ना चांगलं काम?" आणि वह्या तपासायला बसले. शाळेला सुट्टी लागली की त्यांच्या डोक्याला आराम मिळेल.

आज होहोंकडे एकटीच गेले. पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?"

"हृदय माझं आहे," मी म्हटलं. मग बाकाची, शेंगदाण्यांची, नाडीची सगळी हकिकत सांगितली आणि कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवलं. "ते एकदा लावा."

"हो हो," म्हणाले. "गोळी दीड करू या."

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी उठले. दारात वळून म्हटलं, "डॉक्टर, मी गाडी सोडणार नाही आणि तुम्हालाही सोडणार नाही." दुसरा भाग का बोलले मलाच माहीत नाही, पण बोलले ते बोलले.

४ मार्च

मोठ्या सरकारी दवाखान्यात. शिट्टी रजा टाकून सोबत आली. रांग मारुतीच्या शेपटासारखी. आत एक डॉक्टरीणबाई, सर्दीनं बेजार, एका हातात रुमाल. शिट्टीनं माझ्या वतीनं बोलायला तोंड उघडलं तर बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या." मग मला विचारलं, "कधी होतं? गाडी चालू असताना की उभी? इंजिन सुरू असतं? घरात मिक्सर, कपड्यांचं मशीन, तेव्हा?" असे प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी बोलतच सुटले.

त्यांनी मला निजवलं, वायरी लावल्या आणि यंत्राच्या जागी, कातडीवरूनच, बोटांनी टकटक केली. जराशी. पडद्यावरचा आकडा चढू लागला. साठ, ऐंशी, शंभर, आणि वर. मी निजलेली, आणि छातीत तीच धडधड. त्यांनी बोटं उचलली, आकडा हळूहळू उतरला. "घाबरलात का आत्ता?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही." म्हणाल्या, "मलाही तसंच दिसतंय."

मग समजावलं. माणूस चालायला, चढायला लागला की हृदय जोरात चालायला हवं. ते कळावं म्हणून यंत्राला हालचाल ओळखता येते. किती हालचालीला किती जोर लावायचा, ते प्रत्येक माणसापुरतं ठरवून द्यायचं असतं. माझं फारच हळवं ठेवलं होतं. म्हातारी थरथरली की यंत्राला वाटायचं, मी पळते आहे. मी खुर्चीत, आणि माझं हृदय रस्त्यावर धावत सुटलेलं.

छातीवर होहोंकडे होतं तसलंच मशीन ठेवलं, काही बटणं दाबली. "झालं," म्हणाल्या. सुई नाही, कापाकापी नाही. गोळी हळूहळू कमी करून बंद करायची. मी विचारलं, "हे त्यांना कळायला हवं होतं का?" बाईंनी रुमाल खिशात ठेवला. "बसवल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तपासणी करायचीच असते. तुम्ही तक्रार घेऊन गेलात तेव्हा तर त्याच दिवशी."

बाहेर बाकावर बसून रडले. बरं झाल्याचं रडू नव्हतं, संतापाचं होतं. शिट्टीही रडली, पण तिला कशालाही रडू येतं.

९ मार्च

डेपोत म्हातारीचं इंजिन सुरू करून अर्धा तास नुसती बसले. काही नाही. मग यार्डात फेऱ्या मारल्या. काही नाही. डॉक्टरीणबाईंनी लेखी मत दिलं, डेपोसाहेबांनी खिडकीचा विषय मिटवला. सोमवारपासून गाडी.

ह्यांना सांगितलं तेव्हा "छान झालं" म्हणाले आणि बाहेर फिरायला गेले. बराच वेळ आले नाहीत.

१४ मार्च

वैद्यकीय मंडळाकडे होहोंविरुद्ध तक्रार केली. त्याआधी एक संधी दिली होती. त्यांना जाऊन म्हटलं, चूक झाली एवढं म्हणा आणि बाकीच्या पेशंटांना बोलावून त्यांची यंत्रं तपासा. तर हसून म्हणाले, "झालं ना बरं? मग कशाला?" आणि माझ्यासमोर ह्यांना फोन लावला.

घरी भांडण. हे म्हणाले, "देव नाही, माणूस आहे तो. त्यानं तुझा जीव वाचवला." मी म्हटलं, "जीव वाचवला म्हणून जगणं हिरावून घ्यायचा हक्क मिळाला का?" म्हणाले, "मिटवून टाक. माझ्यासाठी." ह्यांना त्या डॉक्टराचा इतका कळवळा का, मला कळत नाही. भिडस्त स्वभाव, दुसरं काय.

मिटवणार नाही.

२ जून

आज मंडळापुढे पहिली सुनावणी. लांब टेबल, तीन जण, मधल्या खुर्चीत पांढऱ्या केसांचे गृहस्थ. होहो नवा कोट घालून आले होते. बाहेर एक आजोबा भेटले, सुतारकाम करायचे, त्यांचंही यंत्र होहोंनीच बसवलेलं. रंधा हातात धरला की जीव घाबरतो म्हणून धंदा बंद केला. त्यांनाही तीच गोळी. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला.

आत होहोंनी असं धडधडीत खोटं सांगितलं की मी उभीच राहिले. म्हणाले, "गाडीचा संबंध मला कधी नीट सांगितलाच गेला नाही. उलट यांच्या पतीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिला गाडीची भीती बसली आहे, तिलाही घरीच राहायचं आहे, पण ती कबूल करत नाही. तुम्हीच तिला गाडी बंद करायला सांगा."

माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन! मी म्हटलं, "माझे यजमान शिक्षक आहेत. आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. मी त्यांना घेऊन येते, त्यांच्या तोंडून ऐका." मधले गृहस्थ म्हणाले, "आणा."

३ जून

ह्यांना सांगितलं, असं असं म्हणाला तो लबाड. हातातला घास ताटात ठेवला. "मी नाही आलो तर?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही कसं? तुमच्यावर आळ घेतोय तो." इतकी वर्षं चाळीस पोरांपुढे उभं राहणारा माणूस तीन म्हाताऱ्यांना घाबरतो, याची मला गंमतच वाटली. जेवले नाहीत.

१८ जून

काय लिहू. जसं झालं तसं लिहिते.

ह्यांना खुर्ची दिली, पण बसले नाहीत. मधल्या गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टर सांगतात ते खरं आहे का?"

हे म्हणाले, "अर्धं खरं आहे."

मी समोर होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वर्गात फळ्याकडे बघून बोलावं तसं समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होते.

"तिनं सांगितलं होतं. गाडीत होतं, घरात होत नाही, हे तिनं माझ्यासमोर डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. त्या मशीनबद्दलही विचारलं. ती बाहेर गेल्यावर मी त्यांना म्हणालो, ती घाबरते, तिला घरी राहायचं आहे. ते खोटं होतं. तिला कधीच घरी राहायचं नव्हतं. स्वयंपाकघरात ती पडली तेव्हा मी तिला हलवत होतो आणि ती उठत नव्हती. त्यानंतर ती गाडीवर गेली की मला शाळेत फळ्यावरचे आकडे दिसायचे नाहीत. भीती तिला नव्हती, मला होती." थोडं थांबले. "आणि ती घरात असली की मला सुख वाटायचं. तेही खरं आहे."

मधले गृहस्थ होहोंकडे वळले. "म्हणजे पेशंटनं लक्षण सांगितलं, तपासणी मागितली. ते तुम्ही बाजूला ठेवलंत आणि नवऱ्याच्या शब्दावर निदान केलंत. मशीन त्याच खोलीत होतं. का लावलं नाहीत?"

"हो," होहो म्हणाले. एकदाच.

मला विचारलं, काय हवं? मी म्हटलं, "माझ्या कागदावरची भीती खोडा. आणि यांनी ज्यांना ज्यांना यंत्र बसवलं त्या प्रत्येकाला बोलावून तपासा, यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून तरी." माझा आवाज शांत होता. मलाच नवल वाटलं.

माझी बाजू भक्कम झाली ती ह्यांच्या तोंडून, आणि तिथेच मला कळलं की मी इतके दिवस कोणाच्या शेजारी बसून लढत होते. आपलेच दात, आपलेच ओठ. एकाच रिक्षातून घरी आलो.

७ जुलै

गेल्या आठवड्यात निकाल लागला. होहोंना वर्षभर नवीन यंत्र बसवायला बंदी, आणि जुने सगळे पेशंट सरकारी दवाखान्यात तपासायचा हुकूम. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, पहिल्याच आठवड्यात माझ्यासारखेच काही निघाले. सुतारआजोबांचं यंत्र नीट झालं.

शिट्टीनं डेपोत सगळ्यांना चहा पाजला. मी आनंदानं प्यायले. खोटं कशाला सांगू, जिंकल्याचा आनंद झाला, भरपूर झाला. घरी मात्र आम्ही अजून "जेवायला वाढलंय" आणि "दार लाव" एवढंच बोलतो. माफ केलं असं लिहायला पेन उचललं होतं. केलेलं नाही अजून, तेव्हा लिहीत नाही.

१३ जुलै

आज सकाळच्या फेरीला तिसऱ्या थांब्यावर हे चढले. रविवार होता. शिट्टीनं माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे पाहिलं. ह्यांनी तिकीट काढलं आणि इंजिनाशेजारच्या त्या एकट्या बाकावर येऊन बसले.

आरशात दिसत होते. दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरलेला, बोटं पांढरी पडलेली. पुलावर डोळे मिटले. बाजारात एक सायकलवाला आडवा आला, मी ब्रेक दाबला, तेव्हा ह्यांच्या कपाळावर घाम आला. प्रत्येक सिग्नलला, गाडी उभी असताना, माझ्या छातीकडे बघत होते. माझं हृदय अगदी शांत चाललं होतं. ह्यांचं काय चाललं असेल ते दिसतच होतं. वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरतील. उतरले नाहीत.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. हे बसूनच होते.

"हीच गाडी परत जाते का?" म्हणाले.

"जाते."

"मग मी बसतो."

शिट्टी म्हणाली, "काका, परतीचं तिकीट वेगळं." ह्यांनी खिशात हात घातला. मी इंजिन सुरू केलं.